शनिवारचा खेळ

सातारा रस्त्यावरच्या सिटी प्राइड चित्रपटगृहाचा पत्ता सांगताना पुणेकर सहज 'मार्केट यार्डजवळ' असे म्हणतात. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, म्हणजे आपल्या 'पिफ'च्या, काही वर्षांच्या वेळापत्रकात हे चित्रपटगृहही होते. थंडीच्या दिवसांत तिथला रात्रीचा शेवटचा खेळ सुटतो, तेव्हा गुलटेकडीच्या यार्डात मालाच्या गाड्या लागू लागलेल्या असतात. मटार मध्य प्रदेशातून आलेला असतो, बटाटा आग्र्याहून, सफरचंद काश्मीर-हिमाचलातून, स्ट्रॉबेरी महाबळेश्वर-वाईच्या पट्ट्यातून, अंजीर पुरंदरमधून. पहाटे भाव निघतात, हमालांच्या पाठीवरून डाग गाळ्यात येतात, गाळ्यातून टेम्पोत जातात आणि ऊन चढेपर्यंत शहराच्या स्वयंपाकघरांची तजवीज झालेली असते. महोत्सव तिथे असला, की त्याच सकाळी चित्रपटगृहासमोर गळ्यात ओळखपत्रे अडकवलेल्या प्रेक्षकांची रांग लागते. त्यांच्या हातातल्या पुस्तिकेत इराण, पोलंड, तुर्कस्तान, अर्जेंटिना, दक्षिण कोरिया अशी नावे असतात.

या दोन गर्द्यांमधले अंतर पायी काही मिनिटांचे आहे. जगातल्या उत्तम चित्रपटांपैकी कितीतरी चित्रपट हातावर पोट असलेल्या माणसांविषयी आहेत. त्यामुळे यार्डातला हमाल, तोलणार, टेम्पोचालक, माल घेऊन आलेला शेतकरी, उरलासुरला भाजीपाला वेचणारी बाई ही सगळी माणसे महोत्सवाच्या पडद्यावर वेगवेगळ्या देशांची नावे घेऊन येत राहतात. प्रेक्षागृहात मात्र ती भेटत नाहीत. जागतिक चित्रपटांच्या महोत्सवाचा कार्यक्रम म्हणजे नेमके काय, हा विचार मला या रिकाम्या खुर्च्यांपासून सुरू करावासा वाटतो.

महोत्सवाची पत्रिका वरवर पाहता वेळापत्रकच असते. विश्व स्पर्धा, मराठी स्पर्धा, विद्यार्थ्यांच्या लघुपटांची स्पर्धा, जगभरातले नवे चित्रपट, एखाद्या दिग्दर्शकाच्या कामाचे सिंहावलोकन, एखाद्या देशाचा खास विभाग, गेलेल्या कलावंतांना आदरांजली, विजय तेंडुलकर स्मृती व्याख्यान. आठवडाभरात शेकड्याच्या वर चित्रपट आणि दिवसाला फार तर चार-पाच पाहण्याइतके एका माणसाचे डोळे. म्हणजे कितीही निष्ठावान प्रेक्षक असला, तरी बहुतेक चित्रपट त्याच्या हातून निसटणारच. पेन घेऊन खुणा करत बसलेल्या प्रेक्षकाला हे कळत असते. दुपारी अडीचला एका पडद्यावर जपान आणि दुसऱ्यावर हंगेरी असेल, तर एक देश सोडावा लागतो. रोजच्या आयुष्यातही आपण अशीच निवड करतो, पण तिथे काय सुटले याची यादी कोणी हातात देत नाही. पत्रिका ती देते. आपले लक्ष किती मोजके आहे आणि ते कुठे खर्चावे, याचा इतका उघड हिशेब दुसरीकडे क्वचितच मांडला जातो.

प्रेक्षकाच्या आधी निवडणाऱ्यांनी पुष्कळ काही सोडलेले असते. आलेल्या चित्रपटांतले कोणते घ्यायचे, कोणते कशाशेजारी ठेवायचे, कोणता सकाळी आणि कोणता रात्री दाखवायचा, हे ठरवताना ते एक विधान करत असतात. पॅरिसच्या सिनेमाथेकचा संस्थापक आन्री लांग्लुआ एकाच संध्याकाळी एकमेकांशी काहीही नाते नसलेले चित्रपट लागोपाठ दाखवत असे. प्रेक्षकांत त्रुफो, गोदार, रिवेत यांच्यासारखी पोरे बसलेली असत. मूकपट, अमेरिकी गुन्हेपट आणि जपानी चित्रपट एकाच बाकावर बसून पाहिल्यावर त्यांच्या मनात जी जोडाजोड झाली, तिच्यातून फ्रेंच चित्रपटाची नवी लाट उभी राहिली. पुण्यात हेच काम पी. के. नायर यांनी केले. 1964 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्यांनी रिळे जमवली आणि दाखवलीही. चांगली पत्रिका चित्रपटांची ओळख एकमेकांशी करून देते. प्रेक्षक त्या ओळखीचा साक्षीदार असतो.

अशा पत्रिकांचा इतिहास निर्मळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. चित्रपट महोत्सवांची सुरुवात 1932 साली व्हेनिसला झाली, ती मुसोलिनीच्या राजवटीत. तिथल्या पुरस्कारांवर राजकारणाची छाया वाढत गेली म्हणून फ्रान्सने कानचा घाट घातला. 1939 चा त्याचा पहिला प्रयत्न युद्धाने गिळला आणि महोत्सव प्रत्यक्ष भरला 1946 मध्ये. पुण्यात तयार झालेल्या एका मराठी चित्रपटाला जागतिक मान मिळाला, तोही त्याच व्हेनिसला. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 सालचा. 1937 च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. ज्याने घरच्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, त्या वाण्याची कथा एका हुकूमशहाच्या देशात नावाजली गेली! त्या परीक्षकांना त्यात काय दिसले असेल, याचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांइतकीच गौरीने उभी केलेली जिजाई येते. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे आणि नवरा अभंगात रमला आहे. ती चिडते, देवावरही चिडते. तिच्यामुळे त्या चित्रपटातल्या भक्तीला जमिनीचा टेकू मिळतो. देहूचे ते घर ज्याने कधी पाहिले नाही, त्यालाही रिकाम्या मडक्याची भाषा कळते.

या चित्रपटाच्या मागे आणखी एक पाऊल आहे. बाबुराव पेंटर यांनी कोल्हापुरात 1925 साली 'सावकारी पाश' हा मूकपट केला. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात गिरणीची वाट धरतो, अशी त्याची गोष्ट. त्यातल्या तरुण शेतकऱ्याचे काम केले होते व्ही. शांताराम यांनी. प्रभातची मंडळी पेंटरांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीतून आलेली. त्यांनी 1929 मध्ये कोल्हापुरात प्रभात उभारली आणि 1933 मध्ये ती पुण्यात आणली. पुढे त्याच स्टुडिओच्या जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि तिच्या पाठोपाठ संग्रहालय. डॉ. जब्बार पटेल यांनी 2002 मध्ये पिफ सुरू केला, तो या सगळ्या साठ्यावर. स्वतः पटेलांचा 'सामना' 1975 साली बर्लिनच्या स्पर्धेत होता. त्याची कथा तेंडुलकरांची आणि विषय ग्रामीण सहकारातल्या सत्तेचा. पिफमध्ये सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाला 'प्रभात' पुरस्कार दिला जातो आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला 'संत तुकाराम' पुरस्कार. शेतकरी, कर्ज, दाणा आणि बाजार हे विषय या महोत्सवाच्या वंशावळीतच आहेत. गुलटेकडी त्याला परकी नाही.

एखाद्या पत्रिकेमुळे काय घडू शकते, याचा आपल्याकडचा सर्वांत स्पष्ट दाखला 1952 चा. त्या वर्षी जानेवारीत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत भरला आणि मग इतर शहरांत फिरला. त्यात इटलीचे नववास्तववादी चित्रपट होते आणि त्यांत व्हित्तोरिओ दे सिकाचा 'बायसिकल थीव्ज' होता. भिंतीवर पोस्टर चिकटवण्याचे काम मिळालेला एक बेकार माणूस, त्या कामासाठी लागणारी सायकल, ती पहिल्याच दिवशी चोरीला जाते आणि बापलेक रोमच्या बाजारांतून ती शोधत फिरतात. नायकाचे काम करणारा लाम्बेर्तो माज्योरानी खराच कारखान्यातला कामगार होता. बिमल रॉय यांनी तो चित्रपट पाहिला आणि 1953 मध्ये 'दो बिघा जमीन' आला. जमीन वाचवण्यासाठी शहरात येऊन रिक्षा ओढणारा शेतकरी भारतीय पडद्यावर ठसला. पुढच्याच वर्षी त्या चित्रपटाला कानमध्ये पुरस्कार मिळाला. खरे तर पेंटरांनी तीच गोष्ट सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगितली होती. तरीही तिच्याकडे पुन्हा वळायला आपल्याला रोमची एक सायकल पाहावी लागली. परक्या चित्रपटाचे देणे बऱ्याचदा असे असते. आपल्या अंगणातली, रोजची म्हणून न दिसणारी गोष्ट तो आपल्यालाच पुन्हा दाखवतो.

असे का होते, याचे उत्तर शोधताना आपल्या जुन्या रसविचाराकडे जावेसे वाटते. भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगमंचावरचे दुःख ना नटाचे उरते, ना माझे. ते कोणा एकाचे न राहता सर्वांचे होते, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. अभिनवगुप्ताने पुढे सात रसविघ्ने सांगितली. त्यांतले एक विघ्न देशकालाच्या चिकटपणाचे आहे. हे माझे, हे त्याचे, हे इथले, हे तिथले, या गाठी सुटल्याशिवाय रस नाही. जागतिक चित्रपटांचा प्रेक्षक नेमक्या या गाठी सोडण्याचा सराव करत असतो.

पण चित्रपट या जुन्या विचाराला एक नवी अडचणही घालतो. नाटकातला राजा हा कुठलाही राजा असू शकतो. कॅमेऱ्यासमोरची सायकल मात्र त्याच बनावटीची, त्याच गंजाची, त्याच मालकाची असते. चित्रपटाला देशकाल पुसता येत नाही. माणसाच्या मानेवरच्या घामापर्यंत तो सगळे नोंदवतो. तरीही त्यातला उत्तम भाग सर्वांचा होतो. मला वाटते, चित्रपट साधारणापर्यंत उलट्या वाटेने पोहोचतो. एखादी जागा इतकी बारकाईने, इतक्या आदराने पाहायची की ती पाहण्याची रीत प्रेक्षकाच्या डोळ्यांना लागावी. मग तो बाहेर पडून आपल्या गल्लीकडेही त्याच रीतीने पाहतो. सिसिलीच्या कोळ्यांवरचा चित्रपट आपल्याला सिसिलीची माहिती थोडी देतो, माणसाच्या पाठीकडे पाहायला जास्त शिकवतो. मार्केट यार्डाशेजारी दाखवलेला जागतिक चित्रपट फळला की नाही, हे चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर आपण यार्डाकडे कसे पाहतो यावरून ओळखावे.

सिसिलीचे नाव उगाच घेतले नाही. लुकिनो व्हिस्कोंतीचा 'ला तेर्रा त्रेमा' 1948 साली आला. आची त्रेत्सा या गावचे कोळी समुद्रात रात्र काढतात आणि पहाटे किनाऱ्यावर येतात, तेव्हा घाऊक व्यापारी भाव ठरवून मोकळे झालेले असतात. न्तोनी नावाचा तरुण एके दिवशी व्यापाऱ्याचा तराजू उचलून समुद्रात फेकतो. घर गहाण टाकून तो स्वतःचा धंदा उभा करतो, वादळात सगळे गमावतो आणि शेवटी त्याच व्यापाऱ्यांच्या दाराशी कामाला परत येतो. पट्टी हातात आल्यावर गाडीभाडे, हमाली, तोलाई, वाराई वजा जाता उरलेल्या रकमेकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला या चित्रपटाची वेगळी ओळख करून द्यावी लागेल असे मला वाटत नाही. त्यातली सगळी माणसे त्याच गावची, खरी कोळी मंडळी आहेत. ती सिसिलीची बोली बोलतात. ती बोली खुद्द इटलीतल्या इतर लोकांना कळेना, म्हणून चित्रपटाला इटालियन निवेदन जोडावे लागले. या तपशिलाकडे मी पुढे परत येणार आहे.

अन्येस वार्दाचा 'द ग्लीनर्स अँड आय' हा 2000 सालचा माहितीपट यार्डाच्या आणखी जवळचा आहे. हातात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा घेऊन वार्दा फ्रान्सभर हिंडली. पीक काढल्यावर शेतात उरलेले वेचणारे आणि बाजार उठल्यावर मागे पडलेली भाजी-फळे गोळा करणारे लोक तिने शोधले. आकारात बसत नाहीत म्हणून फेकून दिलेल्या बटाट्यांत तिला हृदयाच्या आकाराचे बटाटे सापडतात. पॅरिसच्या एका बाजारात उरलेला भाजीपाला तिथल्या तिथे खाणारा एक माणूस तिला भेटतो. तो जीवशास्त्र शिकलेला निघतो, आणि संध्याकाळी स्थलांतरितांना विनामूल्य भाषा शिकवतो. बाजाराची प्रतवारी मालापाशी थांबत नाही, ती माणसांनाही लागू होते, हे या चित्रपटाइतके प्रेमाने क्वचितच कोणी सांगितले असेल. मार्केट यार्डात दुपारी गाळ्यांसमोर वाकून निवडक पाने, फुटके टोमॅटो, सुटे कांदे वेचणाऱ्या बायका रोज असतात. त्यांच्याकडे पाहण्याची रीत या चित्रपटाने मला दिली.

तिसरा चित्रपट अब्बास कियारोस्तामीचा, 1990 चा 'क्लोज-अप'. सब्जियान नावाचा एक गरीब, चित्रपटवेडा माणूस आपण दिग्दर्शक मखमलबाफ असल्याचे भासवून एका घरात शिरकाव करतो आणि पकडला जातो. खटला खरा, माणसे खरी, त्यांनीच आपले प्रसंग पुन्हा वठवलेले. न्यायालयात सब्जियान जे सांगतो त्याचा मथितार्थ असा, की त्या दिग्दर्शकाच्या चित्रपटांत त्याला त्याचे दुःख सापडले होते. कलेची भूक पोट भरलेल्यांनाच लागते या समजुतीला यापेक्षा नेमके उत्तर मला माहीत नाही. पैसे हाती नसलेला माणूस चित्रपटावर इतका जीव टाकतो की त्यासाठी तो आपले नावही बदलतो.

आता त्या रिकाम्या खुर्च्यांकडे परत येऊ. यार्डातले कष्टकरी महोत्सवाला येत नाहीत, याला 'त्यांना अशा चित्रपटांत रस नसतो' असे कारण सांगितले जाते. ते मला पटत नाही आणि त्याविरुद्ध पुरावाही आहे. कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचे सुपारीच्या बागांचे खेडे आहे. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम संस्थेने 1973 साली तिथे चित्रपट मंडळ काढले. पुण्याहून फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादुर आणि पी. के. नायर तिथे जात, रिळे नेत, रसग्रहणाची शिबिरे घेत. शेतकरी आणि मजूर तिथे कुरोसावा, दे सिका, राय पाहत होते आणि त्यावर बोलत होते. पुण्याच्याच संस्थेत शिकलेल्या जॉन अब्राहमने केरळात 'ओडेसा' हा गट उभा केला. गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून वर्गणी जमवली आणि त्या पैशांतून 1986 मध्ये 'अम्मा अरियान' पुरा केला. आपल्याकडे जत्रांमधले तंबूतले सिनेमे पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यांच्या अखेरच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' 2016 साली कानमध्ये गौरवला गेला. पाठीवर पोते घेणाऱ्या कित्येकांनी आपला पहिला चित्रपट अशाच एखाद्या तंबूत, मातीवर बसून पाहिला असेल. चित्रपटाची रसिकता त्यांना बाहेरून शिकवायची गरज नाही.

अभिनवगुप्ताच्या विघ्नांत आणखी एक आहे. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो, की समोरच्या खेळात त्याचे मन लागत नाही. कष्टाने पिळून निघालेल्या माणसाला हे विघ्न जास्त असणार हे उघड आहे. पण अभिनवगुप्त ते प्रेक्षकाच्या माथी मारत नाही. ते दूर करण्यासाठी गीत, वाद्य, सजलेला मंडप अशी योजना असते, असे तो सांगतो. म्हणजे विघ्न काढण्याचे काम खेळ मांडणाऱ्याचे आहे. नाट्यशास्त्राच्या आरंभी तर नाट्याला पाचवा वेद म्हटले आहे, आणि तो सर्व वर्णांसाठी, ज्यांना इतर वेद ऐकण्याची मनाई होती त्यांच्यासाठीसुद्धा निर्माण केला असे सांगितले आहे. ही मांडणी दोन हजार वर्षांच्या आसपासची. आपल्या महोत्सवांनी तिच्या मागे राहू नये.

विघ्ने कोणती, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. पहिले विघ्न वेळेचे. ज्याचा दिवस पहाटेच्या आधी सुरू होतो, त्याला रात्री साडेनऊचा खेळ उपयोगाचा नाही आणि सकाळी दहाचाही नाही. दुसरे भाषेचे. महोत्सवातल्या परदेशी चित्रपटांखाली सबटायटल्स असतात ती इंग्रजीत. इराणी माणसाचे दुःख मराठी माणसापर्यंत इंग्रजीच्या दारातूनच येते, आणि ज्याला ते दार उघडता येत नाही तो बाहेर राहतो. व्हिस्कोंतीच्या चित्रपटाला त्याच्याच देशात निवेदन जोडावे लागले, कारण नाहीतर इटालियन प्रेक्षक बाहेर राहिला असता. एका देशाने आपल्या प्रेक्षकासाठी केले, ते आपण आपल्या प्रेक्षकासाठी का करू नये? केरळात 'एमसोन' नावाच्या स्वयंसेवी गटाने जगभरच्या चित्रपटांना शेकड्यांनी मल्याळम सबटायटल्स दिली आहेत. पुण्यात भाषांतराची विद्या आहे, परकी भाषा शिकवणाऱ्या संस्था आहेत, चित्रपटावर जीव टाकणारे विद्यार्थी आहेत. दरवर्षी महोत्सवातल्या दहा चित्रपटांना मराठी सबटायटल्स देणे या शहराच्या आवाक्यातले आहे.

तिसरे विघ्न आमंत्रणाचे. यार्डात बोलवायचे कोणाला आणि कोणामार्फत, हा प्रश्न पुण्यात तरी अवघड नाही. डॉ. बाबा आढाव यांनी 1950 च्या दशकात इथल्या हमालांची संघटना उभी केली. 1969 साली माथाडी कायदा झाला. 1974 मध्ये हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू करून स्वस्त, ताज्या जेवणाची सोय केली. पोत्याचे वजन शंभर किलोवरून पन्नासवर आणण्यासाठी या माणसांना वर्षानुवर्षे लढावे लागले. मार्केट यार्डात त्यांचे हमाल भवन उभे आहे. ज्यांनी कायदा घडवला, स्वयंपाकघर चालवले, त्यांना चित्रपट महोत्सवाचा एक भाग चालवणे जड जाणार नाही. चित्रपटांची निवड करणाऱ्यांत त्यांचेही प्रतिनिधी बसावेत. त्यांना काय दाखवायचे हे आपणच ठरवले, तर ती पुन्हा वरून खाली दिलेली भेट होईल. त्यांना 'ला तेर्रा त्रेमा' नको असेल आणि चॅप्लिन हवा असेल, तर चॅप्लिन लागावा. चॅप्लिन हाही जागतिक चित्रपटच आहे.

दिवसही ठरलेला आहे. यार्डाच्या फळे-भाजीपाला विभागाला साप्ताहिक सुटी शनिवारची असते, कारण रविवारचा बाजार सर्वांत मोठा. महोत्सवाच्या आठवड्यात एक शनिवार येतोच. त्या दिवशी दुपारी मराठी सबटायटल्ससह एक चित्रपट, त्यानंतर चर्चा, आणि हा सगळा कार्यक्रम महोत्सवाच्या मुख्य पत्रिकेत स्पर्धेच्या चित्रपटांइतक्याच ठळक अक्षरात. वेगळा 'सामाजिक उपक्रम' म्हणून तो मागच्या पानावर जाऊ नये. दिग्दर्शक पुण्यात आला असेल तर तोही तिथे असावा. त्याने केलेल्या ओझ्याच्या दृश्याविषयी ओझे उचलणाऱ्याचे मत त्याला इतर कुठल्याही महोत्सवात ऐकायला मिळणार नाही.

यात महोत्सव कष्टकऱ्यांवर उपकार करतो असे कोणी समजू नये. चित्रपटाचा अर्धा भाग प्रेक्षकाच्या मनात घडतो, आणि तो पुरा करायला महोत्सवाला त्यांची गरज आहे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ने आणि चैतन्य ताम्हाणे यांच्या व्हेनिसला गौरवलेल्या 'कोर्ट'ने दाखवून दिले, की मराठी चित्रपट जगासमोर ताठ उभा राहतो तो आपल्या गावकुसाबाहेरच्या आणि गटारात उतरणाऱ्या माणसांकडे डोळे उघडून पाहतो तेव्हा. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला 2025 मध्ये सनडान्स महोत्सवाच्या जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तोही खेड्यातल्या दहा दिवसांच्या सुतकाच्या कथेला. असे चित्रपट करणारी पुढची पिढी कुठून येईल? ती यार्डातल्या एखाद्या गाळ्यामागून, हमालाच्या किंवा वेचणाऱ्या बाईच्या घरातूनही येऊ शकते. त्या मुलाने किंवा मुलीने 'बायसिकल थीव्ज' आपल्या भाषेत, आपल्या बापाशेजारी बसून पाहिला पाहिजे. बिमल रॉय यांना एका पत्रिकेने जे दिले, ते तिला मिळण्याचा हक्क आहे, आणि ते तिच्यापर्यंत पोहोचवणे हे पत्रिका आखणाऱ्यांचे कर्तव्य आहे.

आंतरराष्ट्रीय हा शब्द आपण देशांच्या संख्येवर मोजतो. किती देश आले, किती भाषा आल्या, किती पाहुणे आले. मला ते माप अपुरे वाटते. पोलंडच्या खाणकामगाराला गुलटेकडीच्या हमालाने पाहिले आणि त्याच्याविषयी त्याला काही म्हणावेसे वाटले, तर दोन देश खऱ्या अर्थाने भेटले. हे घडवण्यासाठी लागणाऱ्या सगळ्या गोष्टी, म्हणजे संग्रह, भाषांतरकार, संघटना, चित्रपटगृह आणि सुटीचा वार, पुण्यातच आहेत. तुकोबांच्या नावाने पुरस्कार देणाऱ्या महोत्सवाने हे काम पुढच्याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.